न दिसणारा गडी

१. वरून सोने, आतून पांढरे

रत्नागिरीजवळच्या एका गावात तात्यांची बाग आहे. बाग मोठी नाही. हापूसची चाळीस कलमे आहेत. या चाळीस कलमांवर घरातली सात माणसे जगतात.

त्या साली मोहोर चांगला आला. थंडी बरी पडली. तुडतुड्याने फार त्रास दिला नाही. चैत्रात फळ भरले. तात्यांनी आंबा उतरवला, पेट्या भरल्या आणि मुंबईला पाठवल्या. फळ असे होते की बघत राहावे. कुठे डाग नाही, कुठे खरचटलेले नाही.

काही दिवसांनी फोन आला. व्यापारी म्हणाला, "तात्या, काय सांगू? वरून सोनं, पण आतून पांढरं. गिऱ्हाइकानं आंबा कापला आणि तसाच परत आणून दिला. साका आहे."

तात्या मटकन खाली बसले.

साका म्हणजे काय, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. फळ वरून पिकलेले दिसते. त्याला वासही येतो. पण कापले की कोयीच्या बाजूला पांढरट, पोकळ, फुसका भाग निघतो. तो चवीला आंबट लागतो. बाहेरून हात फिरवून तो कळत नाही. म्हणून पेटी भरताना त्याला निवडून बाजूला काढता येत नाही.

घरात बोलणे सुरू झाले. आजी म्हणाली, "फळाला नजर लागली." मुलगा म्हणाला, "खत कमी पडलं." शेजारी म्हणाले, "यंदा हवाच बिघडली." खरे कारण कोणाला सांगता येईना.

रात्री तात्या वर्गाला आले. त्यांनी पाटी-पुस्तक बाजूला ठेवले आणि गुरुजींना विचारले, "गुरुजी, माझ्या आंब्याला झालं तरी काय?"

गुरुजी म्हणाले, "तात्या, या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते एका उडीत गाठता येणार नाही. आधी आपण भाताचा एक घास खाऊ. मग नाचणीला मोड आणू. मग आंब्याकडे जाऊ. वाट थोडी लांबची आहे, पण ती नीट मुक्कामाला पोचवील."

चला तर. आपणही त्यांच्याबरोबर जाऊ.

२. भाताचा एक घास

एक सोपी गोष्ट करून पाहा. साधा भात घ्या. त्यात मीठ नको, आमटी नको. एक घास तोंडात घाला आणि लगेच गिळू नका. सावकाश चावत राहा. शंभरपर्यंत आकडे मोजा. पहिल्याने भात अळणी लागेल. मग हळूहळू गोडसर लागू लागेल.

तुम्ही साखर घातली नव्हती. मग ही गोडी आली कुठून?

भातात पीठ असते. शहाणे लोक त्याला पिष्ट म्हणतात. तांदूळ, नाचणी, बटाटा, कच्चे केळे, हिरवा आंबा या सगळ्यांत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ. एका माळेत शेकडो, हजारो मणी ओवलेले असतात. मणी ओवलेले असेपर्यंत जिभेला गोडी कळत नाही. माळ तुटली आणि तिचे बारीक तुकडे झाले, की गोडी कळते.

तुमच्या तोंडात ती माळ कोणी तोडली? दातांनी? नाही. दात घास बारीक करतात. पण पिष्टाची माळ दातांना तोडता येत नाही. ती इतकी सूक्ष्म असते की डोळ्यांना दिसतही नाही. ती तोडली तुमच्या लाळेने. आपल्या तोंडात दिवसाला सुमारे एक लिटर लाळ सुटते. त्या लाळेत एक न दिसणारा गडी असतो. तो माळ तोडत जातो.

गुरुजींनी वर्गात आणखी एक गोष्ट करून दाखवली. त्यांनी दोन वाट्यांत थोडी पातळ पेज घेतली. एका वाटीत थोडी लाळ मिसळली. दोन्ही वाट्या अर्धा तास तशाच ठेवल्या. मग जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब दोन्ही वाट्यांत टाकला. नुसती पेज निळी-काळी झाली. पिष्ट असेल तिथे आयोडीन निळे-काळे होते, ही त्याची खूण आहे. लाळ घातलेल्या वाटीत मात्र तसा गडद रंग आला नाही.

गुरुजी म्हणाले, "पाहिलंत? पहिल्या वाटीत पिष्ट तसंच आहे. दुसऱ्या वाटीतलं पिष्ट गड्यानं तोडून टाकलं. आता दोन्ही वाट्या फेकून द्या. आयोडीन पोटात जाता कामा नये."

३. गड्याची ओळख

या गड्याला शास्त्रात विकर म्हणतात. इंग्रजी शिकलेली मुले त्याला एन्झाइम म्हणतात. लाळेतल्या विकराचे नाव अमायलेज. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. त्याचा स्वभाव मात्र लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. एका गड्याचे काम एकच. बागेत आंबा उतरवणारा गडी वेगळा आणि विहीर खणणारा गडी वेगळा. तसेच इथे आहे. पिष्ट तोडणारे विकर मांस तोडत नाही. मांस-डाळीतली प्रथिने तोडणारे विकर तेलाला हात लावत नाही. असे का? प्रत्येक विकराला एक खाच असते. त्या खाचेत एकच पदार्थ नीट बसतो. कुलपात त्याचीच किल्ली बसावी, तसे. एमिल फिशर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली हीच कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. पुढच्या शास्त्रज्ञांना असे दिसले की पदार्थ आत येताना ती खाच थोडी सावरून बसते. पण मुख्य गोष्ट तीच राहिली. ज्याचे काम त्यानेच करायचे.

दुसरी गोष्ट. हा गडी कामात खर्ची पडत नाही. लाकूड जळले की संपते. साबण घासला की झिजतो. विकर मात्र एक माळ तोडते आणि लगेच दुसरीकडे वळते. म्हणून चिमूटभर विकर ढीगभर काम करते. जे काम एरवी व्हायला फार काळ लागला असता, ते काम विकर असले की क्षणात होते.

तिसरी गोष्ट. गड्याला बेताची ऊब लागते. आपल्या अंगातली विकरे अंगाच्या उबेला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, चांगले काम करतात. थंडीत ती मंदावतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी बर्फात का घालतात? मासा मेला तरी त्याच्या पोटातली आणि मांसातली विकरे मरत नाहीत. ती माशालाच आतून पोखरू लागतात. बाहेरचे जंतूही त्यांना मदत करतात. बर्फाने दोघांचेही हात आखडतात. म्हणून मासळी जास्त वेळ टिकते.

आणि फार उष्णता झाली तर? तर गडी कायमचा निकामी होतो. विकरे ही बहुतेक प्रथिनेच असतात. अंड्यातला पांढरा बलकही प्रथिनेच. तो उकडला की घट्ट होतो. मग तो गार केला तरी पुन्हा पातळ होत नाही. विकराचेही तसेच आहे. बर्फाने झोपलेले विकर उठते. उकळलेले विकर उठत नाही.

चौथी गोष्ट. गड्याला जागा मानवावी लागते. लाळेतल्या गड्याला जठरातली आंबट जागा सोसत नाही. तिथे तो थांबतो. जठरात पेप्सिन नावाचा दुसरा गडी असतो. त्याला आंबटच लागते. तो प्रथिने तोडू लागतो. घास पुढे लहान आतड्यात गेला की स्वादुपिंडातून गड्यांची नवी टोळी येते. उरलेले पिष्ट, प्रथिने आणि तेल-तूप ती टोळी तोडते. असे हातोहात काम होते तेव्हा कुठे भाकरीचे रक्त होते.

आणि ही विकरे फक्त पोटातच नसतात. माणूस, मासा, आंब्याचे झाड, दह्यातले जंतू, जे जे जिवंत आहे त्या सर्वांत ती असतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, ते विकरामुळे. कच्च्या पपईचा चीक मटणाला लावला की मटण लवकर शिजते, तेही विकरामुळे.

४. गडी कोणी शोधला?

सन १८३३ मध्ये फ्रान्समध्ये पायां आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या सातूतून एक पदार्थ वेगळा काढला. तो पदार्थ पिष्टाची साखर करीत असे. विकर असे वेगळे काढण्याची ही सुरुवात. पुढे १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी एका विकराचे शुद्ध स्फटिक केले आणि ते प्रथिन आहे असे दाखवले. समनर तरुणपणीच एक हात गमावून बसले होते. एका हाताने त्यांनी हे काम केले. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडच्या एका बाईंनीही या विद्येत मोठे काम केले आहे. त्यांचे नाव कमला सोहोनी. लग्नाआधीच्या त्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्या शिकायला गेल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना प्रथम नकार मिळाला. त्या मागे फिरल्या नाहीत. त्यांनी आग्रह धरला, अटी सोसल्या आणि प्रवेश मिळवला. पुढे त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना असे आढळले की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन असते. पेशी श्वास घेतात त्या कामात विकरांच्या साखळीत या प्रथिनाचा हात असतो. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मग त्या मायदेशी आल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये अशा गरिबांच्या खाण्यापिण्यावर संशोधन केले.

म्हणजे झाडाच्या पेशीही श्वास घेतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आंब्याकडे गेल्यावर ती उपयोगी पडेल.

५. नाचणीचे मोड

आता नाचणी घेऊ.

नाचणीचा दाणा कणगीत महिनोन् महिने पडून असतो. तो मेलेला नसतो. झोपलेला असतो. दाण्यात एक लहानसा जीव असतो आणि त्याच्या शिदोरीला पिष्ट असते. पण पिष्टाच्या लांब माळा त्या जिवाला खाता येत नाहीत. म्हणून दाण्याला पाणी लागले, ऊब लागली, की जीव जागा होतो आणि पहिल्या प्रथम गड्यांना हाक मारतो. दाण्यात विकरे तयार होतात. ती पिष्ट तोडून साखर करतात. त्या साखरेवर मोड वाढतो. म्हणून मोड आलेले धान्य थोडे गोड लागते.

या गड्याकडून आपल्याला घरातले एक मोठे काम करून घेता येते.

तात्यांच्या घरात एक नातू आहे. तो आठ महिन्यांचा. सून त्याला खिमट भरवते. खिमट घट्ट केले तर पोराला गिळवत नाही. तो तोंड फिरवतो. म्हणून ती पाणी घालून पातळ करते. मग पोराचे पोट चार चमच्यांत भरते. पण पोटात गेले काय? बरेचसे पाणीच. आजी म्हणते, "पोर खातं गो, पण अंगाला लागत नाही." आजीचे म्हणणे खरे आहे. लहान मुलाचे पोट मुठीएवढे. त्यात पाणी भरले तर अन्नाला जागा कुठली?

यावर उपाय विकराचा. नाचणी रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत मोड येतील. ती उन्हात खडखडीत वाळवा आणि दळा. हे पीठ कोरड्या डब्यात ठेवा. कुठे बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ती नाचणी मुलाला मुळीच देऊ नका.

आता खिमट नेहमीसारखे घट्ट शिजवा. चुलीवरून उतरवा. उकळी थांबली, वाफ थोडी निवली, की त्यात एक लहान चमचा मोडाचे पीठ घाला आणि ढवळत राहा. काही मिनिटांत घट्ट खिमट सैल होईल. पाण्याचा एक थेंबही जास्त घातला नाही, तरी ते पातळ झाले. का? गड्याने पिष्टाच्या माळा तोडल्या. लांब माळा एकमेकींत गुंततात, म्हणून खिमट घट्ट असते. माळा तुटल्या की गुंता सुटतो. अन्न तेवढेच राहते. ते गिळायला मात्र सोपे होते.

पीठ उकळत्या खिमटात का घालायचे नाही, हे आता तुम्हीच सांगाल. उकळीत गडी मरतो. म्हणूनच मोडाची नाचणी या कामासाठी लाल होईपर्यंत भाजायची नाही. खिमट पातळ झाले की मग त्याला पुन्हा एक उकळी द्यायची, म्हणजे जंतू मरतात. गड्याचे काम तोवर होऊन गेलेले असते. कोमट झाले की भरवायचे. दर वेळी ताजे करायचे. सहा महिन्यांपर्यंत मुलाला फक्त आईचे दूध. त्यानंतर असे अन्न सुरू करायचे आणि अंगावरचे दूधही चालू ठेवायचे.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मोडाच्या पिठावर असेच संशोधन केले. धान्याला मोड आणणे हे आपल्या आजीला पूर्वीपासून माहीत होते. ते कशाने होते आणि त्याचा उपयोग कसा वाढवावा, ते शास्त्राने सांगितले.

६. अढीतला आंबा

आता आंब्याकडे येऊ.

हापूस झाडावरून उतरवतात तेव्हा तो हिरवा, कडक आणि आंबट असतो. पण तो जून झालेला असतो. म्हणजे त्याच्या गरात पिष्टाची शिदोरी भरलेली असते. आंबा अढीत घालतात. खाली पेंढा, वर आंबा, पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत आंबा पिकतो.

अढीत कोणी साखर घालत नाही. मग आंबा गोड कसा होतो? भाताचा घास जसा गोड झाला, तसाच. झाडावरून उतरवला तरी आंबा जिवंत असतो. त्याच्या पेशी श्वास घेत असतात. त्यांच्यातली विकरे कामाला लागतात. एक टोळी पिष्ट तोडून साखर करते. दुसरी टोळी गराच्या पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ सैल करते, म्हणून कडक आंबा मऊ होतो. आणखी एका टोळीमुळे सालीचा हिरवा रंग जातो आणि आतला पिवळा रंग दिसू लागतो. आंबटपणा उतरतो. घमघमाट सुटतो.

या सगळ्या टोळ्यांना एकदम हाक कोण मारते? आंबा स्वतःच. पिकू लागला की आंबा एक वायू सोडतो. त्याचे नाव एथिलीन. तो वायू शेजारच्या आंब्यालाही हाक मारतो. म्हणून अढीत एक आंबा पिकू लागला की बाकीचेही पिकू लागतात.

घाईला आलेले काही लोक कॅल्शियम कार्बाईड वापरतात. त्यातून निघणारा वायू साल लवकर पिवळी करतो. पण आतल्या सगळ्या टोळ्यांचे काम पुरे होत नाही. रंग येतो, चव येत नाही. शिवाय बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचा विषारी अंश असू शकतो. म्हणून २०११च्या अन्नसुरक्षेच्या नियमांत कार्बाईडने फळ पिकवण्याला बंदी आहे. लवकर पिकवायचेच असेल तर ठरलेल्या प्रमाणात एथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. ती आंब्याचीच हाक आहे.

आणि कोवळा आंबा उतरवला तर? त्याच्यात शिदोरीच भरलेली नसते. गडी आले तरी तोडतील काय? असा आंबा सुरकुततो, पण गोड होत नाही.

७. साका का पडतो?

गुरुजींनी तात्यांना विचारले, "साक्याचा आंबा आहे का घरात?"

तात्यांनी एक आंबा आणला. गुरुजींनी तो उभा कापला. कोयीला लागून पांढरा भाग होता. त्यांनी आयोडीनचा एक थेंब पिवळ्या गरावर टाकला आणि दुसरा पांढऱ्या भागावर. पिवळ्या गरावर आयोडीनचा रंग तसाच राहिला. पांढरा भाग निळा-काळा झाला.

सगळे पुढे वाकून बघू लागले. तात्या हळूच म्हणाले, "म्हणजे इथं पीठ तसंच राहिलं?"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "इथं गड्यानं काम केलंच नाही."

शास्त्रज्ञांनी साक्याचा भाग तपासला आहे. त्या भागात पिष्ट जास्त, साखर कमी आणि आंबटपणा जास्त असतो. पिष्ट तोडणाऱ्या विकराचे काम तिथे मंद पडलेले असते. बाकीचा आंबा पिकतो. तेवढा भाग मागे राहतो. म्हणून वरून रंग येतो, वास येतो आणि आत साका निघतो. ही नजर नव्हे. हा रोगजंतूही नव्हे, म्हणून साका एका फळाचा दुसऱ्याला लागत नाही.

पण गडी तिथेच का थांबला? याला एकच एक कारण नाही. अभ्यासकांनी बरीच कारणे तपासली आहेत. फळात कॅल्शियम कमी पडणे हे एक. उन्हाची आणि तापलेल्या जमिनीची धग फळाला लागणे हे दुसरे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००४च्या सुमारास आणखी एक मोठे कारण पुढे आणले. ते आहे कोय.

नाचणीचा दाणा आठवा. तो कणगीत झोपतो. आंब्याच्या कोयीला तशी लांब झोप नाही. पावसाच्या तोंडावर परसात टाकलेली कोय लगेच रुजते, हे आपण दर वर्षी बघतो. काही फळांत ही कोय फळ झाडावर असतानाच जागी होऊ लागते. रुजण्याची तयारी करू लागते. मग ती आजूबाजूच्या गरातून पाणी ओढते. तिथल्या पेशींचे तंत्र बिघडते. आंबा पिकायची वेळ येते तेव्हा त्या भागातले गडी कामाला धड लागत नाहीत. साका कोयीच्या बाजूलाच का असतो, ते यावरून समजते. फळ झाडावर फार दिवस राहिले तर साक्याचे भय का वाढते, तेही समजते.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, यंदा भाव चढेल म्हणून मी आंबा दहा दिवस जास्त ठेवला झाडावर. उतरवला तोही भर दुपारी. ढीग कातळावर पडून होता संध्याकाळपर्यंत."

गुरुजींनी त्यांना दोष दिला नाही. ते म्हणाले, "माहीत नव्हतं, म्हणून झालं. आता माहीत झालं."

८. आपल्या हातात काय आहे?

साका पुरता घालवणारे औषध नाही. पण त्याचे भय कमी करता येते.

फळ चौदा आणे तयार झाले की उतरवावे. रुपयाचे आणे सोळा. चौदा आणे म्हणजे शिदोरी भरली, पण कोय जागी व्हायला अवकाश आहे. देठाजवळचे खांदे भरले की ही वेळ ओळखावी. सगळा आंबा एका दिवशी न उतरवता तयार होईल तसा दोन-तीन वेळा उतरवावा.

उन्हे चढण्याआधी, सकाळी उतरवावा. झेल्याने देठासह काढावा. काढलेले फळ लगेच सावलीत न्यावे. तापलेल्या कातळावर ढीग घालू नये.

कलमांच्या बुंध्याभोवती गवत, पालापाचोळा पसरावा. त्याने जमीन कमी तापते आणि फळाला खालून लागणारी धग कमी होते.

नवी कलमे लावायची असतील तर दोन जातींची चौकशी करावी. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली. ती १९८१ साली लागवडीला आली. रत्ना आणि हापूस यांच्यापासून पुढे सिंधू ही जात निघाली, ती १९९२ साली. सिंधूची कोय अगदी पातळ असते. या दोन्ही जातींत साका पडत नाही. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. हापूसची चव आणि हापूसचे नाव निराळे, हे खरे. म्हणून जुनी बाग तोडा असे कोणी म्हणत नाही. पण चाळीस कलमांशेजारी पाच कलमे बिनसाक्याची असली, तर वाईट सालात तेवढाच आधार.

दुसऱ्या साली तात्यांनी भावाची वाट पाहिली नाही. चौदा आण्यांचा आंबा सकाळी उतरवला, सावलीत ठेवला. साका अगदीच निघाला नाही असे नाही. पण मागच्या सालासारखा फोन आला नाही. नातूही आता मोडाच्या पिठाचे खिमट मिटक्या मारीत खातो. आजी म्हणते, "तो तुमचा गडी दिसत नाही मेला, पण राबतो हो!"

न दिसणारा गडी राबतोच. त्याला मजुरी लागत नाही. त्याला हवी असते बेताची ऊब, योग्य जागा आणि योग्य वेळ. तेवढे आपण सांभाळले की तो आपले काम चुकवत नाही.

लक्षात ठेवा

विकरे सर्व जिवंत वस्तूंत असतात.
एका विकराचे काम एकच असते आणि ते कामात खर्ची पडत नाही.
थंडीने विकर मंदावते. उकळीने ते निकामी होते.
आंबा पिकतो तो विकरांमुळे. साक्याच्या भागात विकराचे काम अपुरे राहते.

प्रश्न

१. साधा भात बराच वेळ चावला तर गोड का लागतो?
२. मोडाचे पीठ उकळत्या खिमटात का घालू नये?
३. मासळी बर्फात का ठेवतात?
४. साक्याच्या भागावर आयोडीन टाकले तर काय दिसते? त्यावरून काय समजते?
५. तात्यांच्या हातून पहिल्या साली कोणत्या चुका झाल्या?

करून पाहा

हिरव्या कैरीची एक फोड आणि पिकलेल्या आंब्याची एक फोड घ्या. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब टाका. काय फरक दिसतो तो वहीत दोन ओळींत लिहा. फोडी खाऊ नका, टाकून द्या.